सुळे नसलेला ड्रॅक्युला

१९३१ साली आलेला 'ड्रॅक्युला' हा चित्रपट आज पाहिला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यातल्या रक्तपिपासू सरदाराला सुळेच नाहीत. काळा झगा आहे, मागे चापून बसवलेले केस आहेत, डोळ्यांवर पाडलेला उजेडाचा पट्टा आहे. पण ओठांबाहेर आलेले दात नाहीत, मानेवरून ओघळणारे रक्त नाही. चावा घ्यायच्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे वळतो. शेवटी त्याच्या छातीत खुंटी ठोकतात, तीही पडद्याबाहेर. प्रेक्षकाला फक्त कण्हणे ऐकू येते. सुळे, तांबारलेले डोळे आणि रंगीत रक्त रूढ केले ते १९५८ च्या ख्रिस्टोफर लीच्या ब्रिटिश 'ड्रॅक्युला'ने. तोच साचा पुढे रामसे बंधूंच्या 'बंद दरवाजा'पर्यंत (१९९०) पोचला आणि आपल्याकडे तोच लोकांच्या लक्षात राहिला.

सुळे नसलेला रक्तशोषक कोल्हापूरला मात्र त्याआधीच माहीत होता. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ चा. कर्जापायी जमीन जाते आणि शेतकरी शहराच्या गिरणीत मजूर म्हणून येऊन पडतो, अशी त्याची कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. सावकाराला रक्तपिपासू म्हणण्याची आपली जुनीच रीत आहे. कर्ज एकदाच काढले जाते, व्याज मात्र रोज वाढत राहते. ड्रॅक्युलाची भूमिका करणाऱ्या नटाचे आयुष्यही काहीसे याच वळणाने गेले. त्याचा सावकार होता औषधाची कुपी आणि सुई.

या नटाचे नाव बेला लुगोसी. जन्म २० ऑक्टोबर १८८२, तेव्हाच्या हंगेरीतल्या आणि आता रुमानियात असलेल्या लुगोस या गावी. मूळ आडनाव ब्लास्को. पुढे रंगभूमीवर नाव काढताना त्याने गावाचेच नाव लावले. लुगोसी म्हणजे लुगोसचा. आपल्याकडे गारगोटीकर किंवा कोल्हापूरकर म्हणावे तसे. वडील आधी पाववाले, पुढे बँकेच्या व्यवहारात शिरलेले, शिस्तीचे. चार भावंडांत हा धाकटा. बाराव्या वर्षाच्या सुमारास घर आणि शाळा दोन्ही सोडून हा बाहेर पडला, खाणीत आणि कारखान्यात राबला, मग फिरत्या नाटक मंडळ्यांत शिरला. गाता येत होते, उंची होती, आवाज होता. शेक्सपिअरच्या नाटकांतली कामे मिळाली, येशू ख्रिस्ताचीही भूमिका वाट्याला आली. १९१३ साली तो बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात दाखल झाला.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. नटांना सैन्यभरतीतून सवलत मिळू शकत होती, तरी लुगोसी पायदळात गेला आणि रशियाविरुद्धच्या आघाडीवर लढला. तिथे तो जखमी झाला आणि १९१६ साली प्रकृतीच्या कारणाने मोकळा झाला. पुढे त्याला आयुष्यभर पिडणारे सायटिकाचे दुखणे या जखमांतून आले, असे त्याच्या बहुतेक चरित्रांत सांगितलेले असते. तसे असेलही. मात्र जखम आणि दुखणे यांच्यात बरीच वर्षे गेली होती, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची कंबर धरायला युद्धच लागते असे नाही.

युद्धानंतर हंगेरीत उलथापालथ झाली. लुगोसीने नटांची संघटना उभारण्यात पुढाकार घेतला होता. १९१९ साली आलेले डाव्या क्रांतीचे सरकार काही महिन्यांतच कोसळले, तेव्हा त्या बाजूच्या माणसांची धरपकड सुरू झाली. हा व्हिएन्नामार्गे बर्लिनला निसटला. १९२० च्या अखेरीस एका मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून काम करत तो अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स बंदरात उतरला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. १९२२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पहिले इंग्रजी नाटक केले, तेव्हा सगळी भूमिका त्याने अर्थापेक्षा उच्चारावरून पाठ केली होती. त्याच्या बोलण्यातली ती संथ, प्रत्येक शब्दावर थबकणारी लकब या धडपडीतून आली. पुढे तीच जगभर भुताची भाषा ठरली.

५ ऑक्टोबर १९२७ रोजी ब्रॉडवेवर 'ड्रॅक्युला' हे नाटक आले आणि त्याचे २६१ प्रयोग झाले. मूळ कादंबरी ब्रॅम स्टोकरची, १८९७ ची. डॉक्टर वाचकाला ती वेगळ्याच कारणाने दचकवते. ड्रॅक्युलाने रक्त शोषलेल्या ल्यूसीला चार पुरुषांचे रक्त एकामागून एक चढवले जाते. कुणाचे कुणाला चालते हा प्रश्नच कुणी विचारत नाही, कारण तेव्हा तो कुणाला माहीत नव्हता. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला १९०१ साली. त्यानंतरही कोडी उरलीच. मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जो 'बॉम्बे' रक्तगट दाखवून दिला, त्या माणसाला साधे 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. ल्यूसीचा जीव ड्रॅक्युलाने घेतला की चार दात्यांनी, याची चौकशी आजच्या रक्तपेढीने नक्की केली असती.

नाटक गाजले तरी चित्रपटासाठी युनिव्हर्सल कंपनीच्या मनात आधी लुगोसी नव्हता. लॉन चॅनी या नटाचे नाव पुढे होते. त्याचे ऑगस्ट १९३० मध्ये कर्करोगाने निधन झाले. लुगोसीने भूमिका मिळवण्यासाठी इतकी खटपट केली की कंपनीने त्याला स्वस्तात घेतले. आठवड्याला पाचशे डॉलर, सात आठवडे, म्हणजे एकूण साडेतीन हजार डॉलर. चित्रपटाने कंपनीला त्याच्या कित्येक पट मिळवून दिले. त्याच वर्षी 'फ्रँकेन्स्टाइन'मधल्या राक्षसाची भूमिका त्याच्यापर्यंत येऊन गेली. चेहरा रंगाखाली झाकणारी, संवाद नसलेली ती भूमिका त्याला रुचली नाही असे सांगतात. ती बोरिस कार्लॉफला मिळाली आणि पुढची अनेक वर्षे लुगोसीचे नाव जाहिरातीत कार्लॉफच्या खाली येत राहिले. गंमत अशी की, त्या अवजड वेषात चित्रीकरण करताना कार्लॉफचीही पाठ धरली आणि पुढे त्याला शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. एकाच कंपनीची दोन भुते आणि दोघांनाही पाठीचे दुखणे. कार्लॉफ मात्र ८१ वर्षांचा होईपर्यंत जगला आणि शेवटपर्यंत काम करत राहिला.

लुगोसीचे दुखणे आजच्या भाषेत समजून घेण्यासारखे आहे. पायाकडे जाणारी सर्वांत जाड नस कंबरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या मुळांपासून बनते. त्यातल्या एखाद्या मुळावर दाब आला, की कळ कंबरेतून कुल्ल्यात, मांडीच्या मागून पोटरीत आणि पार पावलापर्यंत उतरते. खोकला आला, शिंक आली की विजेचा झटका बसावा तशी ती वाढते. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव. भाताच्या लावणीत दिवसभर वाकलेल्या बायकांना, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणाऱ्या गड्यांना ही कळ वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळावर दाबते आणि म्हणून सायटिका होतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी दाखवून दिले १९३४ साली. म्हणजे लुगोसीची कंबर दुखू लागली त्या सुमारास वैद्यकाला या दुखण्याचे मुख्य कारणच नुकते कळत होते.

कारण कळले नव्हते तरी कळ थांबवणारे औषध हाताशी होते. अफूतून मॉर्फिन वेगळे काढले गेले एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि त्याच शतकाच्या मध्यावर इंजेक्शनची पोकळ सुई आली. या दोन्हींनी मिळून वेदनेवर असा विजय मिळवला, जो तोवर कुणी पाहिला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या अपघातात, हृदयविकाराच्या झटक्यात आणि कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांत मॉर्फिन आजही मोलाचे आहे. त्याला उगाच बदनाम करण्यात अर्थ नाही. अडचण येते ती महिनोन् महिने चालणाऱ्या दुखण्यात. मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवणाऱ्या जागा असतात, मॉर्फिन तिथे जाऊन बसते. काही आठवड्यांत शरीर त्याला सरावते. काल जेवढ्यात झोप लागली तेवढ्यात आज लागत नाही, मग मात्रा वाढते. औषध उतरू लागले की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हातापायांत तडफड, आणि ज्या जागी मूळ दुखणे होते तिथे दुप्पट कळ. जुना आजार उसळला आहे की औषध उतरते आहे, हे रोग्याला कळत नाही. पुष्कळदा डॉक्टरलाही कळत नाही. इंजेक्शन दिले की दोन्ही थांबतात, आणि औषध गुणकारी असल्याची दोघांचीही खात्री पटते.

लुगोसीला मॉर्फिन टोचले ते डॉक्टरांनीच, चित्रीकरण चालू राहावे म्हणून. हे त्याच्या बाबतीत नीट लक्षात घ्यायला हवे. मौजेखातर, संगतीने किंवा गल्लीबोळातून हे व्यसन आले नव्हते. दुखत होते, डॉक्टरकडे गेला, चिठ्ठी मिळाली. प्रत्येक वेळी चिठ्ठी लिहिणाऱ्याने त्या दिवसापुरते बरोबरच केले असेल. पाच-दहा वर्षांचा हिशेब कुणाच्याच वहीत नव्हता.

हिशेब पैशांचाही बिघडत गेला. १९३६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये भयपटांवर कडक बंधने आली, तिथला बाजार आटला आणि हॉलिवुडने असे चित्रपट काढणे जवळपास बंद केले. लुगोसीला दुसरी भूमिका कुणी देईना. हंगेरीत शेक्सपिअरच्या नाटकांत उभा राहिलेला माणूस हॉलिवुडला फक्त झग्यातच हवा होता. घर गेले. १९३८ साली मुलगा झाला तेव्हा बाळंतपणाच्या खर्चासाठी नटांच्या मदतनिधीपुढे हात पसरावा लागला. १९३९ च्या 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधला वाकड्या मानेचा इगोर हे त्याचे उत्तम काम मानले जाते. त्यानंतर मात्र स्वस्तातले, आठवडाभरात उरकलेले चित्रपटच वाट्याला येत गेले. १९४८ साली ॲबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटात तो पुन्हा ड्रॅक्युला झाला. सतरा वर्षांत लोक ज्याला भ्यायचे त्याला हसू लागले होते. भूमिका मात्र त्याने पूर्ण गांभीर्याने केली आहे.

याच काळात मॉर्फिनची जागा मेथाडोनने घेतली. हे कृत्रिम औषध जर्मनीत १९३० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाले आणि महायुद्धानंतर अमेरिकेत आले. अफूपासून काढलेले नाही, म्हणून त्याची सवय कमी लागेल, अशी तेव्हा पुष्कळांची समजूत होती. ती चुकीची होती. पन्नास वर्षांपूर्वी हेरॉइन बाजारात आले तेव्हाही असेच बोलले गेले होते, आणि पन्नास वर्षांनी नव्या गोळ्यांबद्दलही तेच बोलले गेले. आपल्याकडे ट्रॅमाडॉलला 'हलके' औषध समजून वर्षानुवर्षे मुक्त हाताने दिले गेले. २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. लुगोसीची चौथी पत्नी लिलियन ही वीस वर्षे त्याच्यासोबत राहिली. इंजेक्शने तीच द्यायची आणि मात्रा हळूहळू कमी करण्याचा प्रयत्नही तिनेच केला. कोणत्याही घरात एका माणसाच्या औषधाभोवती सगळ्यांचे घड्याळ फिरू लागते, तसेच ते घर होते. सोबत दारूही होती. अफूच्या जातीचे औषध आणि दारू एकत्र आली की श्वास मंदावतो. झोपेत तो थांबूही शकतो. १९५३ साली दोघांचा घटस्फोट झाला. त्यानंतर सुई त्याची त्यालाच धरावी लागली.

एप्रिल १९५५. बहात्तर वर्षांचा, उंच, हाडे वर आलेला हा माणूस लॉस एंजेलिसच्या सरकारी इस्पितळात गेला आणि मला दाखल करून घ्या म्हणाला. सुमारे वीस वर्षे औषधाच्या आहारी असल्याचे त्याने लपवले नाही. त्या काळी हे सोपे नव्हते. अमेरिकेत १९१४ चा कायदा आणि त्यावरचे न्यायालयाचे निकाल यांमुळे, सवय लागलेल्या रोग्याला औषध चालू ठेवणारा डॉक्टरच गुन्हेगार ठरत होता. १९५१ साली शिक्षा आणखी कडक झाल्या होत्या. व्यसनी माणूस म्हणजे तुरुंगाचा धनी, असेच वातावरण होते. हॉलिवुडचे नट असे काही असले तर दडपून टाकत. लुगोसीने छायाचित्रकारांसमोर सांगितले. न्यायालयापुढे सुनावणी होऊन त्याला नॉर्वॉकच्या सरकारी मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ड्रॅक्युला आणि सुई यांची सांगड घालणारे मथळे आले. सोबत छापलेल्या चित्रांत मात्र आजारी म्हातारा होता.

उपचार म्हणजे तेव्हा एवढेच होते: औषध कमी करत बंद करायचे आणि शरीर त्यातून निघेपर्यंत माणसाला धरून ठेवायचे. पहिले काही दिवस भयंकर जातात, मग अन्न गोड लागते, वजन वाढते. लुगोसीचेही तसेच झाले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो बाहेर पडला. इस्पितळात असताना होप लिनिंगर नावाची एक चाहती त्याला पत्रे लिहायची. बाहेर आल्यावर त्याच महिन्यात दोघांनी लग्न केले, हे त्याचे पाचवे. औषध त्याने पुन्हा घेतल्याचे दिसत नाही. दारू सुटली नाही. आणि काम मिळाले नाही, किंवा मिळाले ते न मिळाल्यासारखेच.

१६ ऑगस्ट १९५६ रोजी लॉस एंजेलिसच्या घरी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ७३. लिलियन आणि मुलगा यांच्या इच्छेने त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यात पुरले. हे त्याला आवडले असते का, यावर चरित्रकारांत वाद आहेत. ज्या झग्याने दुसरे काही करू दिले नाही, तो बरोबर नेण्याची हौस किती असेल याची शंका येते.

रक्तपिपासूची गोष्ट वास्तवाच्या अंगाने सांगण्याचे प्रयत्न चित्रपटांनी पुढे केले. जॉर्ज रोमेरोच्या 'मार्टिन'मधल्या (१९७७) तरुणाला सुळे नाहीत. तो गुंगीच्या औषधाची सिरिंज आणि दाढीचे पाते घेऊन फिरतो. एबल फेराराच्या १९९५ च्या चित्रपटाचे नावच व्यसन या अर्थाचे आहे, आणि त्यात रक्ताची तहान थेट हेरॉइनच्या भाषेत मांडलेली आहे. लुगोसीवर नव्हेत हे चित्रपट. पण उजेड टाळणारा, ठरावीक वेळी उठून बसणारा, जवळच्यांना ओढत नेणारा आणि आपल्याच गरजेला बांधला गेलेला माणूस दाखवताना दोन्ही दिग्दर्शकांनी दंतकथा बाजूला ठेवून दवाखान्याचा केसपेपर उघडला आहे, हे खरे.

इस्पितळातही गोष्ट पुढे सरकली. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये डोल आणि निस्वँडर या डॉक्टरांनी हेरॉइनच्या रुग्णांना रोज ठरलेल्या मात्रेत, तोंडाने, देखरेखीखाली मेथाडोन देऊन पाहिले. सुई सुटली, माणसे कामावर जाऊ लागली. लुगोसी ज्या औषधातून बाहेर पडण्यासाठी दाखल झाला, तेच औषध त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी उपचार म्हणून उभे राहिले. फरक होता मात्रेचा, मार्गाचा आणि समोर बसलेल्या डॉक्टरचा. आज भारतातही मेथाडोन आणि त्याहून अधिक प्रमाणात ब्युप्रेनॉर्फिन सरकारी केंद्रांतून दिले जाते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. सायटिकाचे म्हणाल तर बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत चालते-फिरते राहून, साध्या औषधांनी आणि व्यायामाने ओसरते. लघवी अडणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पाऊल उचलता न येणे ही लक्षणे दिसली तर मात्र त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठावे लागते. दर आठवड्याला कंबरेसाठी 'स्ट्राँग' इंजेक्शन घेणाऱ्याने कुपीवरचे नाव एकदा वाचून पाहावे.

लुगोसी गेला तेव्हा एड वुड या दिग्दर्शकाकडे त्याचे काही मिनिटांचे चित्रीकरण पडून होते. वुडने ते 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' नावाच्या चित्रपटात वापरले आणि उरलेल्या दृश्यांसाठी दुसरा माणूस उभा केला. तो लुगोसीपेक्षा उंच होता, चेहरा जुळत नव्हता, म्हणून झगा नाकापर्यंत ओढून तो पडद्यावर फिरतो. हा माणूस नट नव्हता. तो वुडच्या बायकोचा कायरोप्रॅक्टर होता, म्हणजे लोकांच्या दुखऱ्या पाठी आणि मणके हातांनी बसवून देणारा.